गाडीचा क्रॉस घरी बदलताना

चिपळूणहून एका भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. तीन पाने गाडीबद्दल आहेत आणि एक मुलाबद्दल. खरी काळजी त्या एका पानात आहे. गाडी १९८४ ची अ‍ॅम्बॅसेडर, मार्क फोर. त्यांच्या मरहूम शोहरांनी हौसेने घेतलेली आणि जिवापाड जपलेली. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती अंगणात खिडक्यांपर्यंत पाण्यात उभी होती. पुढे इंजिन उघडून सुकवले, वायरिंग नवे टाकले आणि गाडी चालू झाली. आता मात्र क्लच सोडला की मागून खट्ट असा आवाज येतो, रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना तोच आवाज मोठा होतो आणि ताशी पन्नासच्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. एका गॅरेजवाल्याने सांगितले की अख्खा शाफ्ट बदला, नाहीतर भंगारात द्या. एकोणीस वर्षांच्या चिरंजिवांचे म्हणणे असे की, फक्त दोन क्रॉस गेले आहेत, ते मी अंगणात बदलतो. पुढच्या महिन्यात कराडला भाचीचे लग्न आहे, कुंभार्ली घाटातून जायचे आहे. भगिनी विचारतात, 'मुलाला गाडीखाली जाऊ देऊ का?'

आमचे उत्तर होय असे आहे. पण गाडी कशावर उभी आहे हे तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. या कामात क्रॉस अवघड नाही, डोक्यावरची गाडी अवघड आहे. क्रॉस चुकला तर पुन्हा बसवता येतो.

ज्यांच्या घरी अशी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे. इंजिनाची ताकद मागे नेण्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब पोकळ नळी जाते, तो प्रोपेलर शाफ्ट. मागची चाके खड्ड्यात वरखाली होतात, इंजिन मात्र आपल्या जागी असते. म्हणजे शाफ्टचा कोन सतत बदलत राहतो. सरळ जोडलेली नळी अशा वेळी मोडेल. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना वाकता वाकता फिरणारे सांधे दिले आहेत. सांध्यात समोरासमोर दोन जबडे असतात, त्यांना योक म्हणतात, आणि दोघांना जोडणारा अधिकच्या खुणेसारखा चार हातांचा पोलादी तुकडा, तो क्रॉस. प्रत्येक हातावर एक टोपी, तिला गॅरेजात कप म्हणतात, आणि कपाच्या आत वीस-तीस बारीक पोलादी सुया. सगळा भार या सुयांवर. कल्पना जुनी आहे. इटलीच्या कार्दानोंचे नाव या सांध्याला सोळाव्या शतकापासून चिकटले आहे, इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये त्याचे वर्णन छापले, आणि मोटारगाडीसाठी त्याला आजचे रूप दिले ते अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसर यांनी, १९०३ च्या पेटंटने.

आता पुराकडे येऊ, कारण दुखणे तिथून सुरू झाले असावे. सुयांना ग्रीस लागते आणि कपाच्या तोंडाशी एक छोटे सील असते. जुने कडक झालेले सील गाळाचे पाणी अडवत नाही. पाणी आत गेले, ग्रीसची लापशी झाली, आणि गाडी महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिल्याने सुया जिथे टेकल्या होत्या तिथे क्रॉसच्या हातावर गंजाचे चरे पडले. इंजिन सगळ्यांना आठवते, क्रॉस कुणालाच आठवत नाही. कपाच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी दिसली तर समजावे की आत सुयांचा भुगा होतो आहे. चिरंजिवांना सांगा, डिफरेन्शियलचे तेलही काढून पाहा. ते दुधाळ निघाले तर तिथेही पाणी आहे, आणि नवे क्रॉस टाकून ते पाणी जाणार नाही.

सुटे भाग आणण्याआधी निदान पक्के हवे. खट्ट आवाज क्रॉसचाच असतो असे नाही. डिफरेन्शियलच्या दातांत जास्त खेळ असला, मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असले किंवा गिअरबॉक्सखालचे रबर फाटले असले तरी असाच आवाज येतो. म्हणून गाडी सपाट जागेवर, पुढची-मागची चाके ठोकळ्यांनी अडवलेली, गिअर न्यूट्रलमध्ये. शाफ्ट एका हाताने आणि मागचा फ्लँज दुसऱ्या हाताने घट्ट धरून उलटसुलट पिळा. मग शाफ्ट वरखाली हलवा. दोन जबड्यांच्या मध्ये क्रॉस हलताना दिसला, अगदी किंचित जरी, तर तो गेला. क्रॉस स्थिर आहे आणि पलीकडे डिफरेन्शियलचा दात टकटक करतो आहे, तर क्रॉसवर पैसे घालू नका. संथ चालताना चाकाच्या गतीबरोबर चिमणीसारखी चींचीं येत असेल तर सुया कोरड्या पडल्या आहेत. ही पायरी वगळून थेट दुकानात जाणारे पुष्कळ असतात, आणि नंतर क्रॉसला दोष देतात.

घाटाबद्दल भगिनींनी विचारलेले नाही, पण आम्हाला तेच आधी सांगायला हवे होते. क्रॉस पूर्ण तुटला की इंजिन आणि चाकांचे नाते संपते. उतारावर दुसरा गिअर टाकून गाडी धरून ठेवण्याची जी सवय आपल्याला असते, ती त्या क्षणी निकामी होते. इंजिन मोकळे गरगरते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चढावर तुटला तर गाडी मागे घसरू लागते, गिअर तिला धरत नाही. शिवाय मागचा सांधा सुटला तर शाफ्टचे मोकळे टोक फिरत फिरत गाडीच्या तळाला आणि ब्रेकच्या नळीला झोडपते. पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले तर त्याहून वाईट. तेव्हा दुरुस्ती झाल्याखेरीज कुंभार्लीत जाऊ नये, लग्नाला एसटीने जावे. वऱ्हाडात कुणी हसले तर हसू द्यावे.

सामानाबद्दल. क्रॉस एकटा मिळतो, चार कप, चार सर्क्लिप आणि ग्रीसचे निप्पल यांच्यासह डबीत. अख्खा शाफ्ट बदलण्याची गरज नळी पिचली असेल, वाकली असेल किंवा योकची भोके खाल्ली गेली असतील तरच. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ मध्ये थांबले. पण इतक्या वर्षांत इतक्या गाड्या निघाल्या की क्रॉस आजही मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला आणि कुर्ल्याला विचारावे. नावावर विसंबू नका. जुना क्रॉस सोबत न्या आणि व्हर्नियरने दोन मापे जुळवा: कपाचा व्यास, आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या टोकांमधले अंतर. दोन्ही टोकांचे क्रॉस एकदमच बदला. एकाने पुराचे पाणी प्यायले असेल तर दुसऱ्यानेही प्यायले आहे. आणि पाने इंची मापाचे घ्या. अ‍ॅम्बॅसेडर ही मूळ मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे बोल्ट इंची. मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कडा खातो. मग गाडीखाली पडल्या पडल्या छिन्नी चालवायची वेळ येते.

आता गाडी उचलणे. भगिनी, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

कोकणात अंगणात जांभ्याचे चिरे सदैव पडलेले असतात आणि हात आपोआप तिकडे जातो. चिऱ्यावर गाडी ठेवायची नाही. जांभा वरून दणकट दिसतो, पण एका बिंदूवर भार आला की ठिसूळ मातीसारखा फुटतो आणि फुटण्याआधी इशारा देत नाही. पोकळ सिमेंटचे ब्लॉक, विटांची रास, जुनी चाकाची रिम, सगळे त्याच माळेतले. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली तर हातसुद्धा घालायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. दोन लोखंडी स्टँड हवेत, गॅरेजात ज्यांना घोडी म्हणतात. विकत नसतील घ्यायचे तर ओळखीच्या गॅरेजातून एका दिवसासाठी मागून आणावेत, बहुतेक मिस्त्री देतात. अंगण मातीचे असेल, त्यातून पाऊस होऊन गेला असेल, तर स्टँडचे पाय रुततात आणि गाडी कलते. मग फरशी केलेली जागा शोधा, किंवा प्रत्येक स्टँडखाली जाड रुंद फळी टाका. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. स्टँड मागच्या एक्सलच्या हाऊसिंगखाली, चाकांच्या जवळ. गाडी त्यांवर टेकली की जॅक काढून न टाकता हलका टेकवून ठेवा. आणि आत जाण्याआधी बाजूला उभे राहून गाडीला दोन्ही हातांनी जोरात हिसका द्या. पडायची असेल तर ती तेव्हाच पडू दे.

चावी तुमच्या ओढणीच्या गाठीत राहू द्या. एक मोठे माणूस पूर्ण वेळ बाहेर हवे, नुसते उभे नव्हे तर बोलत. लहान मुलांना त्या दिवशी खालाकडे पाठवा. आणि आणखी एक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही: शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये असून नसल्यासारखी. गिअर आणि चाके यांना जोडणारी वस्तूच तुमच्या हातात आहे. म्हणून ठोकळे काम संपेपर्यंत हलवायचे नाहीत.

चिरंजिवांनी डोळ्यांवर चष्मा लावावा, कारण पुरातल्या गाडीच्या पोटातून गाळ आणि गंज थेट डोळ्यांत गळतो. आदल्या रात्री बोल्टांवर आणि सर्क्लिपवर गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल मारून ठेवावे. सकाळी शाफ्टच्या जोडांना तारेचा ब्रश. मग, एकही बोल्ट सोडण्याआधी, खुणा. मागच्या फ्लँजच्या दोन्ही अर्ध्यांवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ, आणि जिथे शाफ्टचा सरकणारा भाग नळीत शिरतो तिथेही तशीच.

या रेघेचे कारण समजून घेतले तर माणूस ती कधी विसरत नाही. क्रॉसचा सांधा कोनात फिरतो तेव्हा एक गंमत होते. पुढची बाजू अगदी एकसारख्या गतीने फिरत असली तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा थोडी पुढे धावते आणि दोनदा थोडी मागे रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास, २० अंशांचा असेल तर सहा टक्क्यांच्या. दुसऱ्या टोकाचा सांधा नेमका हाच फरक उलटा करून मिटवतो, पण एका अटीवर: नळीच्या दोन्ही टोकांचे जबडे एकाच रेषेत हवेत. सरकणारा भाग काढून एक दात चुकवून बसवला की दोन्ही सांधे एकमेकांचे बोलणे पूर्ण खोडत नाहीत. क्रॉस नवे, ग्रीस नवे, आणि थरथर पहिल्यापेक्षा जास्त. मग लोक म्हणतात घरचे काम असेच असते. घरच्या कामाचा काही दोष नसतो, रेघ मारलेली नसते.

न्यूट्रलमध्ये शाफ्ट फिरवून एकेक बोल्ट समोर आणायचा, हँडब्रेक ओढून तो सैल करायचा, पुन्हा फिरवायचा. चौथा बोल्ट काढण्याआधी शाफ्ट दोरीने बांधा. तो वजनदार असतो आणि आपले तोंड बरोबर त्याच्याखाली असते. काही गाड्यांत पुढेही चार बोल्टांचा फ्लँज असतो, काहींत पुढचे टोक थेट गिअरबॉक्समध्ये शिरलेले असते. तसे असेल तर ते ओढताच तेल ओघळते. खाली परात ठेवा आणि नंतर तेवढे तेल भरून द्या.

इथून पुढचे काम ओसरीवर बसून करण्यासारखे आहे. चारही सर्क्लिप पक्कडीने दाबून काढा. गंजाने अडल्या असतील तर कपावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलका ठोका द्या, सर्क्लिपवरचा दाब सुटतो. मग वाईस आणि दोन गोट्या: एका बाजूला कपापेक्षा किंचित लहान गोटी, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल इतकी मोठी. वाईस आवळला की लहान गोटी इकडचा कप ढकलते आणि तिकडचा कप मोठ्या गोटीत बाहेर येतो. वाईसमध्ये नळी पकडायची नाही, योक पकडायचा. आणि नळीवर हातोडी कधीच नाही. तिला पडलेला एक खळगा तोल बिघडवायला पुरतो.

जुने कप निघाले की योकची भोके पुसून नीट पाहा, हाच निकालाचा क्षण आहे. नवा कप भोकात दाबून जायला हवा. तो बोटाने सहज आत सरकत असेल, किंवा भोकात कप गोल फिरल्याच्या चकचकीत खुणा असतील, तर योक खाल्ला गेला आहे. तिथे नवा क्रॉस टिकणार नाही, कितीही कौशल्याने बसवा. काही जण कपाभोवती पत्र्याची पट्टी घालतात. आम्हाला ते बिलकूल मान्य नाही. असे असेल तर गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे होते असे समजा आणि शाफ्ट त्याच्यासारख्या जाणत्याकडे न्या, किंवा चांगला जुना शाफ्ट शोधा.

भोके ठीक असतील तर नवा क्रॉस. डबीतून काढून चारही कप अलगद सोडवा आणि आत पाहा: सगळ्या सुया भिंतीला लागून उभ्या आहेत ना? ग्रीसमध्ये त्या चिकटून राहतात. निप्पल कुठल्या दिशेला येणार ते आताच ठरवा. गाडीखालून ग्रीस गन लागेल अशा बाजूला, आणि सांधा पूर्ण वाकवला तरी निप्पल योकला आपटणार नाही असे. एक कप थोडा आत, क्रॉसचा हात त्यात, मग समोरचा कप, आणि वाईस हळूहळू. क्रॉस हाताने हलवत राहायचे. तो मोकळा हलतो आहे तोवर सगळे ठीक. मध्येच कप अडला, पुढे जाईना, तर समजावे की एक सुई आडवी पडली आहे. इथेच नवशिके वाईस आणखी आवळतात, आणि काडकन आवाज येतो. तो कप बाहेर काढा, सुई उभी करा, पुन्हा सुरुवात करा. चार वेळा करावे लागले तरी चालेल.

सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्या आहेत का ते प्रत्येकीला पक्कडीने फिरवून पाहा. शेवटी योकच्या कानावर लाकडी हातोडीने एकेक हलका ठोका, म्हणजे कप सर्क्लिपला टेकतात आणि सांध्याचा ताठपणा जातो. हातात धरून चारही दिशांना वाकवा. नव्या सांध्याची थोडी घट्ट हालचाल चालते, एका जागी अडखळणे चालत नाही. मग ग्रीस, चारही सीलच्या कडेने जरा जरा डोकावेपर्यंत.

शाफ्ट परत चढवताना रेघेला रेघ. फ्लँजचे तोंड अगदी स्वच्छ, कारण बारीक खडासुद्धा शाफ्ट तिरका बसवतो. नट नवे लावा, आपोआप न सुटणारे. जुने वाचवून दहा-वीस रुपये मिळतात, बाकी काही नाही. गाडी खाली उतरवून आधी गल्लीत फेरी, मग मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठपर्यंत. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा स्टँडवर घेऊन चारही बोल्ट तपासा. कराड हे या शंभरनंतरचे.

जीपवाल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना, कारण देवरुख आणि महाडकडून अशी पत्रे येत असतात. जुन्या विलिस आणि महिंद्र जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. मागचा शाफ्ट काढला की त्या जीपला हँडब्रेक उरतच नाही. दांडा ओढला जातो, हाताला नेहमीसारखा लागतो, आणि चाके मोकळी असतात. तिथे ठोकळे दुप्पट.

क्रॉसना ग्रीस दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर द्यावे. गाडी पुलावरच्या किंवा रस्त्यावरच्या पाण्यातून गेली असेल, तर त्याच आठवड्यात.